कडक मोतीबिंदूसाठी कोणतं अल्ट्रासाऊंड चांगलं?

डिचोलीहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. आई ७६ वर्षांची. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालं, डाव्याचं राहूनच गेलं. आता त्या डोळ्यातला मोतीबिंदू तपकिरी आणि कडक झाला आहे, कागदावर 'ग्रेड ४' लिहिलंय. म्हापशातल्या एका डॉक्टरांनी टॉर्शनल फेको (अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याचा एक प्रकार) सुचवलं. पणजीत दुसऱ्यांनी सांगितलं की मशीन कुठलंही चालेल, चॉप (भिंगाचा टणक भाग हाताने फोडणं) नीट झाला की पुरे. तिसरे म्हणाले, या डोळ्यात अल्ट्रासाऊंड नकोच, एसआयसीएस (छेदातून अख्खा गाभा बाहेर काढण्याचं ऑपरेशन) करा. 'तिघांची तीन मतं, आम्ही कोणाचं ऐकायचं?'

तिघांनीही तुम्हाला खरं तेच सांगितलंय. आधी माझं मत देतो आणि मग कारणं. अल्ट्रासाऊंडच्या प्रकारांत टॉर्शनल हे जुन्या लॉंजिट्यूडिनलपेक्षा सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कडक मोतीबिंदूत डोळा वाचतो तो मुख्यतः अल्ट्रासाऊंडवर किती काम टाकलं नाही यावर. भिंगाचा गाभा आधी हाताने जितका फोडाल तितकी ऊर्जा कमी लागते. आणि गाभा काळपट असेल, बुबुळापुढचा पारदर्शक कॉर्निया आधीच अशक्त असेल, तर एसआयसीएस हा कमी दर्जाचा पर्याय नसून तोच योग्य पर्याय असतो.

आता 'कडक' म्हणजे काय ते. डोळ्यातल्या भिंगात आयुष्यभर नवे तंतू तयार होत राहतात आणि जुने आत दाबले जातात. या दाबलेल्या मधल्या भागाला आम्ही न्यूक्लियस म्हणतो, इथे मी गाभा म्हणेन. वयाबरोबर तो पिवळसर होतो, मग पिंगट, मग तपकिरी, आणि फारच दिवस गेले तर काळपट. रंग जितका गडद तितका गाभा साधारणपणे टणक. स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर) आम्ही याच रंगावरून ग्रेड देतो. मात्र ग्रेडचा आकडा कुठल्या मापावरचा हे विचारायला हवं. काही डॉक्टर चारपर्यंतचं माप वापरतात, काही पाचपर्यंतचं, आणि एलओसीएस ३ नावाच्या मापात गाभ्याच्या रंगाचा आकडा ६.९ पर्यंत जातो. चारपैकी चार आणि ६.९ पैकी चार यांत फार अंतर आहे. तुमच्या तीन डॉक्टरांची मतं वेगळी पडण्याचं एक कारण इथेच असू शकेल.

लोकांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. बाहेरून पांढराशुभ्र दिसणारा मोतीबिंदू म्हणजे सगळ्यात कडक, असं नसतं. पांढरा मोतीबिंदू पुष्कळदा आतून मऊ, कधी तर पाण्याने फुगलेला असतो, त्याच्या अडचणी वेगळ्या. खरा टणक असतो तो तपकिरी, आणि तो बाहेरून लक्षातही येत नाही. उलट सुरुवातीला गाभा घट्ट होताना डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो, त्यामुळे साठी-पासष्टीतली माणसं चष्मा काढून पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागतात. घरातले खूश होतात, 'आईची नजर सुधारली' म्हणतात, आणि त्यातच दोन-चार वर्षं निघून जातात. सत्तरी आणि पेडणे तालुक्यांतून, दोडामार्गच्या गावांतून येणाऱ्या वृद्ध बायकांत मला असे गाभे बरेच दिसतात. एका डोळ्याने काम भागतं, काजूचा हंगाम संपू दे, नातवाचं लग्न होऊ दे, असं करत दुसरा डोळा मागे पडतो. त्यात जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांत धुराचाही वाटा असतो. तंबाखूचा धूर आणि गाभ्याचा मोतीबिंदू यांचा संबंध तर पक्का आहे. 'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू' हा सल्ला एका काळी ठीक होता, कारण तेव्हा अख्खं भिंगच काढत असत. आज तो सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

कडक गाभा अवघड का? चार्ल्स केलमन या अमेरिकन सर्जनने १९६७ मध्ये पहिल्यांदा अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेतला. कल्पना त्याला दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रावरून सुचली होती. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. हातातल्या पेनसारख्या हँडपीसमध्ये स्फटिक असतात, वीज दिली की ते सेकंदाला हजारो वेळा थरथरतात, आणि ती थरथर पोकळ टिटॅनियमच्या टिपेपर्यंत पोचते. टिप गाभा फोडते, पंप तो चुरा ओढून घेतो. मऊ मोतीबिंदूत ही थरथर फारशी लागतही नाही, नुसतं ओढलं तरी बराचसा निघतो. टणक गाभ्यात मात्र जास्त वेळ आणि जास्त जोर लागतो. त्याची किंमत मोजतो तो कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढची पारदर्शक काच.

कॉर्नियाच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचा पेशींचा एकच थर असतो. तो सतत पाणी बाहेर उपसतो, म्हणून कॉर्निया स्वच्छ राहतो. प्रौढ माणसात एका चौरस मिलिमीटरला साधारण २,००० ते ३,००० पेशी असतात. त्या मेल्या की नव्या होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात, इतकंच. संख्या ५०० च्या आसपास किंवा खाली गेली की उपसा कमी पडतो, कॉर्निया सुजतो, धुरकटतो, आणि मग कॉर्नियाचं प्रत्यारोपण करायची वेळ येते. अल्ट्रासाऊंडची ऊर्जा, त्यामुळे तयार होणारे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे रासायनिक कण), आतल्या पाण्याचा झोत आणि टणक तुकड्यांच्या टोकदार कडा, हे चारही या थराला मारक आहेत. मऊ तुकडा एंडोथेलियमला घासला तरी फारसं बिघडत नाही. तपकिरी तुकडा खरवडतो.

आता अल्ट्रासाऊंडचे प्रकार.

लॉंजिट्यूडिनल म्हणजे टिप पुढे-मागे हलते, सेकंदाला साधारण ४०,००० वेळा, आणि प्रत्येक वेळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. पुढे जाताना ती कापते, मागे येताना काहीच करत नाही. शिवाय पुढे जाताना ती तुकड्याला ढकलते. एकीकडे पंप ओढतोय, दुसरीकडे टिप ढकलतेय, यात कडक तुकडा टिपेच्या तोंडाशी थडथड उडत राहतो. याला आम्ही चॅटर म्हणतो. मायक्रोस्कोपखाली ते स्पष्ट दिसतं: तुकडा टिपेला चिकटतो, सुटतो, गिरकी घेतो, पुन्हा चिकटतो, आणि त्या प्रत्येक गिरकीत तो वर कॉर्नियाकडे जाऊ शकतो. तेवढा वेळ पाय पेडलवर असतो आणि ऊर्जा वाया जात असते.

टॉर्शनल २००६ च्या सुमारास अल्कॉन कंपनीच्या इन्फिनिटी मशीनवर आलं. यात टिप पुढे-मागे न जाता आपल्या आसाभोवती डावी-उजवी हलते, सेकंदाला सुमारे ३२,००० वेळा. टिपेचं टोक वाकडं असावं लागतं. सरळ टिप जागच्या जागी फिरून फारसं काही कापणार नाही, वाकडं टोक मात्र दोन्ही बाजूंना झाडल्यासारखं फिरतं. दोन्ही दिशांना कापणं चालू राहतं आणि ढकलणं जवळजवळ नसतं. तुकडा टिपेला चिकटून राहतो आणि आत जात राहतो. दुसरा फायदा छेदाचा. हालचाल टोकाशी जास्त आणि छेदातून जाणाऱ्या दांड्याशी कमी, म्हणून छेदापाशी उष्णता कमी होते. कॉर्नियाचं कोलॅजन ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आकसायला लागतं, आणि एकदा छेद भाजला की तो नीट मिटत नाही, टाके घालावे लागतात, नंबर येतो.

म्हणजे टॉर्शनल सगळीकडे श्रेष्ठ? नाही. त्याच्या दोन उणिवा कडक मोतीबिंदूतच उघड्या पडतात. पहिली, अतिशय टणक आणि चिवट तुकडा टिपेच्या तोंडात पाचरीसारखा अडकतो. ढकलणारी हालचाल नाही, म्हणून तो सुटतही नाही आणि आतही जात नाही. टिप तुंबली की पाण्याचा प्रवाह थांबतो, आणि टिपेला गार ठेवणारं तेच पाणी असतं. अशा वेळी टिपेच्या तोंडाशी दुधाळ धूर दिसायला लागतो. तो दिसला की त्या क्षणी पाय काढायचा, हे मी शिकाऊ डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगतो. या अडचणीवर कंपनीने नंतर उपाय काढला: व्हॅक्यूम ठराविक पातळीच्या वर गेला की मशीन स्वतःहून लॉंजिट्यूडिनलचे एक-दोन छोटे ठोके देतं आणि तुंबलेला तुकडा मोकळा करतं.

दुसरी उणीव चॉपच्या वेळची. चॉप करायला टिप गाभ्यात खोल रुतवून तो घट्ट धरावा लागतो. टॉर्शनलने रुतवायला गेलं तर टिप स्वतःभोवती पोकळी कोरते आणि पकड सुटते. लॉंजिट्यूडिनलचा एक छोटा, जोरदार बर्स्ट दिला की टिप नेमकी घुसते आणि बसते. म्हणून मी आणि माझ्यासारखे बरेच जण दोन्ही वापरतो. गाभा पकडायला लॉंजिट्यूडिनल बर्स्ट, तुकडे संपवायला टॉर्शनल. एकाच मशीनवर, एकाच ऑपरेशनमध्ये, पेडलच्या सेटिंगमधून हे करता येतं. त्यामुळे तुमच्या म्हापशाच्या डॉक्टरांनी 'टॉर्शनल मशीन' म्हटलं तरी ते शंभर टक्के टॉर्शनलच चालवतील असं समजू नका.

तिसरा प्रकार ट्रान्सव्हर्सल किंवा एलिप्स. पुढे-मागे आणि बाजूला अशा दोन्ही हालचाली मिसळून टिपेचं टोक लंबवर्तुळात फिरतं. सरळ टिपेनेही हे चालतं, म्हणून ज्यांचा हात सरळ टिपेवर बसलाय त्यांना ते सोयीचं जातं. चॅटर लॉंजिट्यूडिनलपेक्षा कमी असतो. चांगल्या हातात यानेही कडक गाभा उत्तम निघतो.

आणि पल्स, बर्स्ट, हायपरपल्स ही नावं तुमच्या कानावर पडली असतील, ती हालचालीची नव्हेत, वेळेची आहेत. अल्ट्रासाऊंड सलग चालवायचं की तुकड्या-तुकड्याने, मध्ये विश्रांती देऊन. विश्रांतीच्या क्षणात टिप थंड होते आणि पंप सुटलेला तुकडा पुन्हा ओढून आणतो. कडक मोतीबिंदूत सलग अल्ट्रासाऊंड चालवणं आज मला समर्थनीय वाटत नाही. मशीन जुनं, फक्त लॉंजिट्यूडिनलचं असलं तरी पल्स-बर्स्ट नीट लावून ते बरंच सौम्य करता येतं. पणजीच्या डॉक्टरांच्या म्हणण्यात हे तथ्य आहे.

इथे एका आकड्याबद्दल सावध करतो, कारण जाहिरातींत तो फार मिरवला जातो. ऑपरेशन संपल्यावर मशीनच्या पडद्यावर सीडीई नावाचा आकडा येतो, म्हणजे एकूण किती ऊर्जा लागली. 'आमच्या मशीनवर सीडीई निम्म्याहून कमी' असं सांगितलं जातं. पण तो आकडा कसा काढतात ते बघा. लॉंजिट्यूडिनलमध्ये सरासरी पॉवर गुणिले वेळ. टॉर्शनलमध्ये सरासरी अॅम्प्लिट्यूड (हालचालीचा पल्ला) गुणिले वेळ, आणि त्याला पुन्हा ०.४ ने गुणायचं, कारण छेदापाशी तेवढीच कमी उष्णता होते असं कंपनीचं गृहीतक आहे. समजा दोन्ही प्रकारे ५० टक्क्यांवर ६० सेकंद काम केलं. लॉंजिट्यूडिनलचा सीडीई येईल ३०, टॉर्शनलचा येईल १२. वेळ तोच, टक्के तेच, फरक निव्वळ गुणाकाराचा. म्हणून दोन प्रकारांचे, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे समोरासमोर ठेवून निर्णय घेऊ नये. एकाच सर्जनने एकाच मशीनवर आपलंच काम तपासायला तो आकडा उपयोगी आहे. खरी तुलना करायची तर ऑपरेशनपूर्वी आणि तीन महिन्यांनी एंडोथेलियमच्या पेशी मोजाव्यात, आणि पहिल्या दिवशी कॉर्निया किती सुजला ते बघावं.

आता चॉपकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. जुन्या पद्धतीत गाभ्यात अल्ट्रासाऊंडने खोल चर खणत आणि मग त्याचे चार भाग करत. मऊ-मध्यम मोतीबिंदूत ते छान चालतं, पण तपकिरी गाभ्यात नुसते चर खणण्यातच ऊर्जेचा मोठा वाटा खर्च होतो. १९९३ मध्ये जपानच्या कुनिहिरो नागाहारा यांनी चॉप दाखवला. टिपेने गाभा धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या चॉपरने तंतूंच्या दिशेने तो फोडायचा. फणसाचा ओंडका करवतीने कापण्याऐवजी कुऱ्हाडीने रेषेत फोडावा, तसं. जे काम अल्ट्रासाऊंड करणार होतं ते हात करतो.

मात्र कडक गाभ्याची खोड अशी की त्याची मागची बाजू चामड्यासारखी चिवट असते. वरून तडा गेलेला दिसतो, पण खाली तंतू एकमेकांना धरून राहतात, आणि तुकडे पाकळ्यांसारखे मध्याशी जोडलेलेच राहतात. तिथे घाई केली तर भिंगाचं मागचं पातळ आवरण, म्हणजे कॅप्सूल, फाटतं. टणक भिंगाला बाहेरून मऊ थराची गादी जवळजवळ उरलेली नसते, आणि त्याला धरून ठेवणारे बारीक तंतूही अशा वयात अनेकदा कमजोर झालेले असतात, त्यामुळे फिरवताना, ओढताना हात हलका लागतो. अहमदाबादच्या डॉ. अभय वसावडा यांनी अशाच गाभ्यांसाठी मल्टिलेव्हल चॉप मांडला. एकाच खोलीवर जोर न लावता वेगवेगळ्या पातळ्यांवर थोडं थोडं वेगळं करत तळापर्यंत जायचं. माझ्या हाताला व्हर्टिकल चॉप (वरून खाली फोडणं) आणि ही पायरीपायरीची पद्धत जमते. तुकडे जितके लहान, तितकं टॉर्शनलला तुंबायला कारण कमी. दोन्ही गोष्टी अशा एकमेकींना पूरक आहेत.

त्याखेरीज ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात भरायचं व्हिस्कोइलॅस्टिक जेल. कॉर्नियाला चिकटून राहणारं पसरट जेल वर आणि जागा धरून ठेवणारं घट्ट जेल खाली, अशी दोन थरांची पद्धत १९९९ मध्ये आर्शिनॉफ या सर्जनने मांडली. कडक मोतीबिंदूत मी मध्ये थांबून ते वरचं जेल पुन्हा भरतो. जेल महाग आहे, पण इथे काटकसर करू नये. ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगाने कॅप्सूल रंगवणंही या केसमध्ये उपयोगाचं, कारण तपकिरी गाभ्यामागून येणारा लाल उजेड मंद असतो आणि कॅप्सूलची कडा दिसत नाही.

फेम्टोसेकंड लेझरने गाभा आधी कापून घेता येतो, पण अगदी गडद गाभ्यात लेझर खोलवर पोचत नाही. खर्चाच्या मानाने या विशिष्ट केसमध्ये मी त्याचा आग्रह धरणार नाही. (फेकोलाच लोक 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात, त्याच्याशी याचा संबंध नाही.)

आता तिसऱ्या डॉक्टरांची एसआयसीएस. यात पांढऱ्या भागातून कॉर्नियात जाणारा ६-७ मिलिमीटरचा बोगद्यासारखा छेद करतात, अख्खा गाभा अलगद पुढच्या कप्प्यात आणतात आणि बाहेर काढतात. छेद आपोआप मिटतो, बहुधा टाका लागत नाही. अल्ट्रासाऊंड शून्य. गोरगरिबांचं ऑपरेशन अशी तिची जी प्रतिमा झाली आहे ती मला मान्य नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर फेको आणि एसआयसीएस यांची तुलना झाली होती, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्मा लावून दिसण्यात दोन्ही गट सारखेच होते, चष्म्याविना फेकोवाले थोडे पुढे. नेपाळमधल्या २००७ च्या अशाच अभ्यासात तर पहिल्या दिवशी कॉर्नियाची सूज एसआयसीएसमध्येच कमी आढळली. छेद मोठा असल्याने आडव्या-उभ्या नंबरात थोडा फरक पडतो, हे तिचं उणं. पण अख्खा टणक गाभा कॉर्नियाच्या जवळून काढावा लागतो, म्हणून तीही कसबाचीच शस्त्रक्रिया आहे, आणि नव्या पिढीतल्या सगळ्यांचाच हात त्यात रुळलेला नसतो.

तुमच्या आईंसाठी मी काय करेन? आधी स्पेक्युलर मायक्रोस्कोपीने त्या डोळ्यातल्या पेशी मोजून घेईन. दुखत नाही, काही मिनिटांचं काम आहे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मोठ्या नेत्र रुग्णालयात चौकशी करा. उजव्या डोळ्याचीही मोजणी करून घ्या. पहिल्या ऑपरेशनने किती पेशी गेल्या त्याचा अंदाज दुसऱ्या डोळ्याला उपयोगी पडतो. पेशी २,००० च्या पुढे असतील, बाहुली नीट मोठी होत असेल आणि गाभा तपकिरी पण काळपट नसेल, तर चॉप करणाऱ्या हाताकडून टॉर्शनल किंवा एलिप्स फेको करून घ्या. पेशी हजाराच्या आसपास असतील, किंवा गाभा काळपट असेल, किंवा भिंग हलत असल्याचं डॉक्टरांनी लिहिलं असेल, तर एसआयसीएस चांगली करणाऱ्याकडे जा. मधल्या केसमध्ये सर्जनला सरळ विचारा: 'मध्येच फेको जमत नाही असं वाटलं तर तुम्ही काय कराल?' 'छेद वाढवून गाभा बाहेर काढीन' असं जो शांतपणे सांगेल, त्याच्यावर मी माझ्या घरच्यांचा डोळा सोपवेन.

डोळा बधिर करायला नुसते थेंब नकोत, इंजेक्शन घेतलेलं बरं, कारण हे ऑपरेशन लांबू शकतं आणि आईंना डोळा स्थिर ठेवावा लागेल. खर्चाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते सोबत न्या आणि त्या रुग्णालयात कुठल्या पद्धतीला, कुठल्या लेन्सला ते लागू आहे ते दाखल होण्याआधीच लेखी विचारून घ्या.

पट्टी काढल्यावर पहिल्या डोळ्याएवढं लगेच लख्ख दिसेल अशी आशा त्यांना लावू नका. कडक मोतीबिंदूनंतर कॉर्नियाला थोडी सूज येतेच, काही दिवस धुक्यातून बघितल्यासारखं वाटतं, कधी दोन-तीन आठवडेही लागतात, आणि थेंब नियमित घातले की ती बहुतेकांत ओसरते. मात्र दिवसागणिक ते सुधारायला हवं. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, किंवा काल दिसत होतं त्याहून आज कमी दिसायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, रविवार असो की चवथ.